जिवंतपणीं द्यावयाचा खांदा

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास आज ५० वर्षें पूर्ण झालीं. या शुभ प्रसंगीं दयाघन परमेश्वराचे आभार मानावे तितके थोडेच. आपल्या वाडवडिलांनीं केळीं, पानें व भाजीपाला विकून गांठीस बांधलेल्या पैशांतून हें देऊळ उभारलें, शाळेच्या भिंती चढविल्या, आणि स्वतःच्या घरावर कौलें नसतांना देवाच्या घरावर छप्पर घातलें. त्यांची आठवण आमच्या पूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं यथोचित केली आहे. तीच पुन्हां सांगून आम्ही तुमचा वेळ घेत नाहीं.

आम्हांस आज एका रुक्ष विषयावर बोलावयाचें आहे. शरीरानें किंवा मनानें अधू झालेल्या आपल्या बांधवांस सरकारकडून दरमहा जें अर्थसाहाय्य मिळतें, त्यासाठीं अर्ज कसा करावा, तो कोठें अडतो, आणि त्या कामीं आपलें कर्तव्य काय, हा तो विषय होय. जुबिलीच्या दिवशीं दाखले, शिक्के व तहसील कचेरी यांच्या गोष्टी कशाला, असें कोणाच्या मनांत आल्यास नवल नाहीं. त्यांस आमचें उत्तर एका कबुलीच्या रूपानें देतों.

सुमारें सहा वर्षांपूर्वीं आपल्यापैकींच एक भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांचे पति माडावरून पडून पाठीचा कणा मोडला होता व कमरेखालचें अंग निर्जीव झालें होतें. “फादर, सरकार पेन्शन देतें म्हणतात. तुम्ही एक चिठ्ठी द्या,” असें त्या म्हणाल्या. आम्हीं देवळाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, कुटुंबाच्या सद्वर्तनाची ग्वाही दिली, शिक्का मारला, आणि आपलें कर्तव्य झालें असें समजून सणाच्या तयारीस लागलों.

पुढें तीन वर्षें लोटलीं. त्या आळींतील आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर नेण्याचें काम आमचे सहायक धर्मगुरु करीत असत. एके दिवशीं ते तापानें पडले, म्हणून आम्ही गेलों. त्या गृहस्थांच्या उशाखालीं एक प्लास्टिकची पिशवी होती. तींतील कागद त्यांनीं आम्हांस दाखविले. अर्ज परत आला होता. वैद्यकीय दाखला खासगी डॉक्टराचा होता, सरकारी रुग्णालयाचा नव्हता. आधारकार्डावरील आडनांव शिधापत्रिकेवरील आडनांवाशीं जुळत नव्हतें. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. आणि या सर्व कागदांच्या वर, घडी न मोडतां जपून ठेवलेली आमची चिठ्ठी होती! तिचा कोणत्याही कचेरींत उपयोग झाला नव्हता, कारण अर्जाबरोबर लागणाऱ्या कागदांच्या यादींत धर्मगुरूंची चिठ्ठी नसतेच. त्या घरानें मात्र ती पवित्र वस्तूसारखी जतन केली होती.

बंधुभगिनींनो, त्या दिवशीं आम्हांस आमची लाज वाटली. आम्हीं कागद दिला होता. सोबत दिली नव्हती. त्यानंतर आम्हीं कांहीं तरुणांस हाताशीं घेतलें. सरकारी रुग्णालयांत तपासणी ठराविक वारींच होई. पहिल्या खेपेस गर्दीमुळें पाळी आली नाहीं. दुसऱ्या खेपेस उद्वाहक बंद होता, म्हणून त्यांना खुर्चीसकट उचलून जिना चढविला. दाखला मिळाला, नांवांतील चूक दुरुस्त झाली, अर्ज पुन्हां गेला व मंजूरही झाला. परंतु मंजुरीचें पत्र घरीं आलें, त्याच्या आदल्याच आठवड्यांत आम्हीं त्यांस मूठमाती दिली होती. त्या अंत्ययात्रेस सारी आळी लोटली होती. खांदा देण्यासाठीं पुरुषांची अहमहमिका लागली होती. दफनविधीनंतर त्यांची पत्नी आम्हांस शांतपणें म्हणाली, “फादर, यांतले चौघे आधीं आले असते, तर गाडीचें भाडें तरी वांचलें असतें.”

तें वाक्य आम्हीं अनेक रात्रीं मनांत घोळविलें आहे, आणि आजचें हें भाषण त्या वाक्यासच वाहिलेलें आहे.

शुभवर्तमानांत दोन पंगु पुरुषांच्या कथा आहेत. एक कफर्णहूमचा. त्याला चौघांनीं बाजेसकट उचलून आणलें, आणि दारांत गर्दी आहे असें पाहतांच छप्पर उसकटून त्याला प्रभूपुढें खालीं सोडलें. दुसरा यरुशलेमच्या तळ्याकांठचा. तो ३८ वर्षें आजारी होता. पाणी जवळ होतें, तें बरें करितें अशी ख्याति होती; पण पाणी हालतांच त्याला आंत उतरविणारा एकही माणूस नव्हता. या दोघांत अंतर कशाचें? रोगाचें नव्हे, पहिल्याला चार माणसें होतीं व दुसऱ्याला एकही नव्हतें. आज आपल्या तालुक्यांतही तळें आहे आणि त्यांत पाणीही आहे. उतरविणारीं माणसें आहेत कीं नाहींत, एवढाच प्रश्न आहे.

आतां तें तळें कोणतें, हें नीट समजून घेऊं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें साहाय्य म्हणजे भीक नव्हे. भारताचें संविधान २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलें. बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगीं नागरिकांस सार्वजनिक साहाय्य मिळावें, यासाठीं राज्यानें आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेंत तरतूद करावी, असें त्याच्या ४१ व्या अनुच्छेदांत सांगितलें आहे. पुढें दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यांत विकलांगतेचे केवळ ७ प्रकार होते. नव्या कायद्यांत ते २१ झाले. दृष्टि, श्रवण व हातपाय यांच्या दोषांबरोबरच मानसिक आजार, बौद्धिक विकलांगता, स्वमग्नता, कंपवात, थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, बरा झालेला कुष्ठरोगी, ॲसिड हल्ल्यानें जखमी झालेली व्यक्ति, हे सर्व आतां त्या कायद्याच्या छायेंत येतात. म्हणून डोळ्यांस दिसेल तीच विकलांगता, ही समजूत सोडून द्यावी. याच कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणें दिव्यांगांस द्यावयाचें साहाय्य हें इतरांच्या तशाच योजनांपेक्षां निदान २५ टक्के अधिक असावें लागतें.

आपल्या राज्यांत या कामासाठीं मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० सालीं सुरू झाली. ‘निराधार’ हें नांव ऐकूनच आपलीं पुष्कळ कुटुंबें मागें सरतात. “आमचा मुलगा निराधार कसा? आम्ही आईबाप जिवंत आहोंत ना!” असें एका पित्यानें आम्हांस रागानें विचारलें होतें. परंतु या नांवाखालीं विधवा, परित्यक्ता, अनाथ यांच्याप्रमाणेंच दिव्यांगही येतात. त्यांत कुटुंबाची मानहानि नाहीं. अर्जदाराचें वय ६५ वर्षांच्या आंत असावें, तो किमान १५ वर्षें महाराष्ट्राचा रहिवासी असावा, विकलांगता किमान ४० टक्के असावी, व दिव्यांगाच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपेक्षां अधिक नसावें, या तिच्या मुख्य अटी आहेत. ६५ वर्षांनंतर गरजू वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजना आहे. जुलै २०२३ पासून हें साहाय्य दरमहा १,५०० रुपये झालें होतें; दिव्यांगांसाठीं तें ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यांत आलें. ज्यांची विकलांगता ८० टक्के वा अधिक आहे व ज्यांचें कुटुंब दारिद्र्यरेषेखालीं आहे, त्यांच्यासाठीं इंदिरा गांधी यांच्या नांवाची केंद्राची योजना २००९ पासून आहे. तींत केंद्राचे ३०० रुपये असतात व त्यांत राज्य आपली भर घालतें.

२,५०० रुपयांनीं काय होतें, असें ज्यांच्या घरीं महिन्याला वेतन येतें ते विचारतील. ज्या घरीं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची औषधें व लंगोट यांसाठीं शेजाऱ्यांपुढें हात पसरावा लागतो, त्या घरास विचारा. पैसा थोडा असेल, पण तो त्या माणसाच्या स्वतःच्या नांवानें खात्यांत येतो. घरांतील ओझें म्हणून पडून राहिलेला मनुष्य त्या दिवशीं घरांत कांहीं आणणारा होतो. ही प्रतिष्ठा रुपयांनीं मोजतां येत नाहीं.

आतां अर्जाची वाट सांगतों. ती लक्षांत ठेवा.

पहिली पायरी विकलांगतेच्या दाखल्याची. ‘स्वावलंबन’ नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी व नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणीस जावें. तेथून प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतें. तें सर्व भारतभर चालतें. ओळखपत्रावरील पट्टीचा रंग ४० टक्क्यांच्या आंत पांढरा, ४० पासून ८० च्या आंत पिवळा, व ८० आणि त्यावर निळा असतो. जाण्यापूर्वीं जुने सर्व वैद्यकीय कागद एकत्र करा. आणि एक गोष्ट विसरूं नका: दोन व्याधी असतील तर दोन्ही सांगा. डॉक्टर टक्केवारीची सरळ बेरीज करीत नाहींत. त्यांचें एक सूत्र आहे. एका व्याधीची ३० टक्के व दुसरीची २० टक्के असेल, तर त्या सूत्रानें एकूण सुमारें ४३ टक्के होतात. म्हणजे दोन्ही वेगळ्या धरल्या तर मनुष्य अपात्र, व एकत्र धरल्या तर पात्र! पायाचें दुखणें सांगून कानाचें न सांगणारा आपलें नुकसान आपणच करून घेतो.

दुसरी पायरी इतर कागदांची. वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, तहसील कचेरींतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधारकार्ड, बँकेचें पुस्तक व छायाचित्र, एवढें जमवावें. खातें आधारशीं जोडलेलें असावें, कारण पैसे आतां थेट खात्यांत जमा होतात.

येथें आपल्या ख्रिस्ती समाजाची एक खास अडचण सांगितली पाहिजे. आपलीं आडनांवें पोर्तुगिजांकडून आलीं, व सरकारी लेखनिकानें तीं कानाला लागतील तशीं लिहिलीं. एकाच घरांत बाप डिमेलो, मुलगा डीमेलो व सून डमेलो आढळते. गोन्सालविस व घोन्साल्विस हे सख्खे भाऊ असतात. बाप्तिस्म्याचें नांव एक, शाळेंतील दुसरें आणि घरीं हांक मारण्याचें तिसरें! आपण हंसतों, परंतु संगणक हंसत नाहीं, तो अर्ज परत करितो. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं सर्व कागद एका मेजावर मांडून नांव, आडनांव व जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहा, आणि चूक असेल तर आधीं ती दुरुस्त करा. आमच्या दप्तरांतील बाप्तिस्म्याची नोंद मूळ नांव ठरविण्यास उपयोगी पडेल. पण ती सरकारी पुराव्याची जागा घेईल असें समजूं नका.

तिसरी पायरी अर्जाची. तो तलाठ्यामार्फत, सेतु केंद्रांत अथवा तहसील कचेरींतील संजय गांधी शाखेंत द्यावा व पोंच अवश्य घ्यावी. पात्रतेचा निर्णय तालुक्याची समिति करिते. पोंचेवरील क्रमांक हीच तुमच्या अर्जाची ओळख. ती नसेल तर चौकशी कोणत्या नांवानें करणार? अर्ज परत आला तर कारण लेखी मागावें. विकलांगतेच्या दाखल्याविषयींचा निर्णय चुकीचा वाटल्यास त्यावर अपील करण्याचा हक्क कायद्याच्या ५९ व्या कलमानें दिला आहे. अन्यायी न्यायाधीशाच्या दारीं पुन्हां पुन्हां जाणाऱ्या त्या विधवेची गोष्ट प्रभूनें आपणांस प्रार्थनेविषयीं सांगितली. पण ती कचेरीच्या दारींही विसरूं नये.

चौथी पायरी लोक विसरतात. मंजुरी मिळाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. लाभार्थी हयात असल्याचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो. कांहींचा वैद्यकीय दाखला कायमचा नसून मुदतीचा असतो. तो वेळेवर नवा केला पाहिजे. या हलगर्जीपणामुळें चालू असलेलें साहाय्य बंद पडल्याचीं उदाहरणें आमच्या डोळ्यांसमोर आहेत.

या वाटेवर दोन मोह आहेत. एक मध्यस्थाचा. “इतके द्या, सर्व करून आणतों,” असें म्हणणारा मनुष्य कचेरीच्या आवारांत भेटतोच. आम्ही सोबत करीत नाहीं, म्हणूनच त्याचा धंदा चालतो. दुसरा मोह असत्याचा. खोटा दाखला मिळवून दिव्यांगांचा लाभ घेणें हा गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु शिक्षेहून मोठी गोष्ट ही कीं, असा प्रत्येक खोटा दाखला पुढच्या खऱ्या अर्जदाराकडे संशयानें पाहावयास लावतो. ज्यांच्या घरीं उत्पन्न पुरेसें आहे त्यांनीं या पंक्तींत बसूं नये.

आणखी एक नाजूक गोष्ट आम्ही प्रेमानें सांगतों. आपल्यांतील कांहीं घरांत एखादा मुलगा वा मुलगी मागच्या खोलींत वाढते. पाहुणे आले कीं दार लोटून घेतात. बहिणीचें लग्न जुळणार नाहीं, लोक काय म्हणतील, ही भीति असते. अशाच एका घरीं बौद्धिक विकलांगता असलेली एक मुलगी होती. १८ वर्षें उलटलीं तरी तिचा एकही दाखला काढलेला नव्हता. आळींतील दोन गृहिणींनीं तिच्या आईशीं हळूहळू मैत्री केली, पहिल्यानें औषधाच्या निमित्तानें, मग रुग्णालयाच्या. त्या दोघी प्रत्येक खेपेस बरोबर गेल्या, रांगेंत उभ्या राहिल्या, डबा घेऊन गेल्या. आज त्या मुलीच्या नांवें खातें आहे, त्यांत दरमहा पैसे येतात, आणि याहून आनंदाची गोष्ट म्हणजे ती आईचा हात धरून रविवारीं मिस्सेला येते. दाखला काढण्यासाठीं उघडलेलें तें दार पुन्हां बंद झालें नाहीं.

पॅरिस शहरांत १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या तरुण सोबत्यांनीं संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या नांवाची जी संस्था काढली, तिचा मूळ धडा हाच होता कीं, गरिबाला आपल्या दारीं बोलावूं नये, आपण त्याच्या घरीं जावें. आम्हीं चिठ्ठी लिहिली त्या दिवशीं आम्ही हा धडा विसरलों होतों.

म्हणून या जुबिलीच्या दिवशीं आमची तुमच्यापाशीं एकच मागणी आहे. प्रत्येक आळीनें चार माणसें द्यावीं. एकानें आळींतील घरोघरीं जाऊन अशा बांधवांची यादी करावी, व तेंही गाजावाजा न करितां. दुसऱ्यानें कागद ताडून पाहावे. शाळा-कॉलेजांत शिकलेल्या आपल्या मुलामुलींनीं हें काम उचलावें. तिसऱ्यानें वाहनाची सोय पाहावी. चौथ्यानें पोंच सांभाळावी, कचेरींत चौकशी करावी व दरवर्षीं हयातीच्या दाखल्याची आठवण द्यावी. ही चौघांची मंडळी आपल्या विकलांग बांधवास मालकासारखें विचारून वागो. त्याच्यासाठीं निर्णय घेणारी होऊं नये, त्याच्या निर्णयास पाय देणारी व्हावी. महोत्सवाच्या वर्गणींतून जी रक्कम उरेल ती रुग्णालयाच्या खेपांच्या भाड्यासाठीं वेगळी ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही धर्मग्राम समितीपुढें मांडणार आहोंत. आमच्याकडून म्हणाल, तर दर शनिवारीं सायंकाळीं दप्तर उघडें राहील व आम्ही स्वतः तेथें बसूं. चिठ्ठी मागाल तर देऊं. पण तिच्याबरोबर माणूसही देऊं.

आपल्या समाजांत मेलेल्या माणसाला खांदा देण्यास कोणी कधीं चुकत नाहीं. वैर असलें तरी तें त्या दिवशीं विसरलें जातें. ही आपली चांगली रीत आहे व ती राहो. परंतु ज्या खांद्यांवर शवपेटी जाते, त्याच खांद्यांवर जिवंत माणसाची खुर्चीही जाऊं शकते. त्या माउलीनें मागितलेले चौघे या सभेंत बसलेले आहेत, अशी आमची श्रद्धा आहे. पुढच्या जुबिलीस जे कोणी धर्मगुरु येथें उभे असतील, त्यांना आमच्यासारखी कबुली देण्याची वेळ येऊं नये.

परमेश्वर तुमच्या घरांस, तुमच्या वाड्यांस, व तुमच्या घरीं अंथरुणावर असलेल्या प्रत्येक जिवास आशीर्वाद देवो. आमेन.